कमानीवरचा मशीनचा रंग

आमच्या मोहनविलास नाट्यगृहात रंगमंचाकडे पाठ करून बसणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे सेक्रेटरी इंदूताई. रंगमंचाच्या डाव्या अंगाला, लोखंडी खांबापाशी त्यांची एक सुटी लाकडी खुर्ची असायची आणि तिचं तोंड प्रेक्षकांकडे. तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला, की सगळं नाशिक नाटक बघायचं आणि इंदूताई नाशिक बघायच्या. माडीवर कुणी कठड्याला पाय लावलाय का, कुणी खांबाच्या नक्षीत शेंगांची टरफलं कोंबतंय का, कुणाच्या गालात मावा आहे का. इकडे नायिका शेवटच्या घटका मोजतेय, बायका पदरानं डोळे टिपताहेत, आणि मध्येच खणखणीत आवाज यायचा, "ओ पाहुणे, घरी देव्हाऱ्याला पाय लावून बसता का?" पाहुणे पाय खाली घ्यायचे. नायिकासुद्धा क्षणभर मरायची थांबायची.

माझं रविवार कारंज्यावर विजेच्या सामानाचं दुकान. हौशी मंडळाच्या नाटकांना प्रकाश मी द्यायचो, म्हणून बाईंशी संबंध आला. संबंध आला म्हणजे काय, त्यांनी मला धरलं. "दिनू, त्या माडीवरच्या दिव्यांच्या वायरी लोंबताहेत. सापांचं वारूळ केलंय का तुम्ही?" एवढं बोलून त्यांनी माझ्या हातात शिडी दिली. पुढची कित्येक वर्षं ती शिडी काही माझ्या हातातून सुटली नाही.

इंदूताई मूळच्या मखमलाबादच्या, फुलशेतीवाल्यांच्या घरातल्या. लहानपणी पहाटे झेंडूच्या पाट्या घेऊन वडिलांबरोबर बाजारात यायच्या. माल लवकर खपला तर वडील दुपारच्या खेळाला मोहनविलासमध्ये न्यायचे. पुढे शिकल्या, अंबडच्या एका कारखान्यात खरेदी विभागात लागल्या आणि तिथेच मोठी साहेबीण होऊन निवृत्त झाल्या. तो खरेदी विभाग त्यांच्या अंगातून शेवटपर्यंत गेला नाही. कशालाही तीन कोटेशनं लागायची. मंडळानं नवीन नाटक निवडायचं म्हटलं की, "तीन संहिता आणा, मग बोलू." भाचीचं लग्न ठरत होतं तेव्हाही त्यांनी मेहुण्याला ऐकवलं होतं, "एकच मुलगा बघून काय होकार देता? तीन तरी बघा." भाची त्या एकावरच ठाम राहिली तेव्हा मात्र पहिला आहेर यांचाच. "काही माल सिंगल सोर्स असतो रे दिनू, एकाच ठिकाणी मिळतो," असं मला वर सांगितलं.

मोहनविलास तुम्ही पाहिलं नसेल तर सांगतो. मेन रोडच्या मागच्या गल्लीत आहे, बाहेरून बघाल तर काळ्या दगडाची एक गंभीर इमारत. वाटेल, कोर्टकचेरी असावी. आत गेलात की चाटच पडाल. बिडाचे उंच खांब, त्यांच्या माथ्यावर पानांचे गुच्छ. वर तिन्ही बाजूंनी सागवानी माडी. तिच्या एका अंगाला लाकडी जाळी, कारण एके काळी बायका जाळीआड बसून नाटक बघायच्या. आणि समोर रंगमंचाची कमान. अख्ख्या कमानीवर चुन्याचं नक्षीकाम, द्राक्षांचे वेल, कमळं, पक्षी, आणि वर दोन बाजूंना दोन पऱ्या. बांधणाऱ्या शेठजींनी म्हणे मुंबईतल्या साहेबी थिएटरातल्या पऱ्या पाहिल्या आणि गवंड्याला सांगितलं, तसल्या कर. गवंडी आपला इकडचाच. त्यानं उघड्या अंगाच्या बाया करायला साफ नकार दिला असणार. त्यानं पऱ्यांना नऊवारी नेसवलं, नाकात नथ घातली, कपाळावर चंद्रकोर काढली आणि मग पाठीला पंख लावले. काष्टा मारून उडणाऱ्या पऱ्या उभ्या जगात दुसरीकडे कुठे असतील असं मला वाटत नाही.

या पऱ्यांवर इंदूताईंचा भारी जीव. मी दुकानदार माणूस, मला नक्षीतलं काय कळणार. पण बाई वर बघून बोलायला लागल्या की मीही मान मोडेपर्यंत बघत राहायचो. "ती डावीकडची बघ, नाटकावर खूश आहे. उजवीकडची नाक मुरडते. समीक्षक मेली." नाटक पडलं की म्हणायच्या, "समीक्षकबाईंना आवडलं नाही वाटतं."

आणि याच जिवापायी त्यांनी तो घोटाळा करून ठेवला.

झालं असं की नाट्यगृहाचा मोठा वाढदिवस आला. कमानीचे रंग उडाले होते, चुना मळका दिसत होता. गावात देवळाचा जीर्णोद्धार झाला की कळसापासून पायरीपर्यंत कसा झगमगीत ऑइलपेंट देतात, तसं काहीतरी करावं असं बाईंच्या मनात आलं. पण साधा ऑइलपेंट त्यांना कसा चालेल? त्यांनी अंबडचे आपले जुने पुरवठादार गाठले आणि कारखान्यातल्या लेथ मशीनला मारतात तो रंग आणवला. मला डबा दाखवून म्हणाल्या, "याच्यावर तेल सांडो, पाणी सांडो, हातोडा पडो, हलत नाही. आपण गेलो तरी हा राहील." द्राक्षं जांभळी झाली, पानं हिरवीगार, पऱ्यांची लुगडी लालभडक. पऱ्यांच्या हातात काहीतरी गोल गोल धरलेलं होतं. पेंटरनं विचारलं, "ताई, हे काय हाय?" ताई म्हणाल्या, "लाडू असतील. वाढदिवस आहे, पिवळे कर." दोन्ही पऱ्या मोतीचुराचे लाडू घेऊन उभ्या राहिल्या. लोकांनी वाहवा केली. शाल-श्रीफळ देऊन इंदूताईंचा सत्कार झाला, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे होतो.

पुढच्या पावसाळ्यांत कमानीला फोड यायला लागले. आधी वेलींवर, मग पऱ्यांच्या लुगड्यांवर. रंग तसाच चकचकीत, पण आतून भुसभुशीत. आम्ही छपराला शिव्या घालत होतो. कौलं बदलली, पन्हळी दुरुस्त केल्या, फोड काही थांबेनात. आणि एका तालमीच्या वेळी कमळासकट चुन्याचा हा एवढा पोपडा पहिल्या रांगेत आदळला. दैव बलवत्तर म्हणून खुर्च्या रिकाम्या होत्या.

ट्रस्टचे अध्यक्ष अण्णा घाबरले. माणूस वाईट नाही, पण नाट्यगृहात कुणाचं डोकं फुटलं तर तुरुंगात आपण जाणार हे त्यांच्या डोक्यातून जाईना. त्यांनी कंत्राटदार बोलावला. तो आला, वर बघितलं आणि दोन मिनिटांत मोकळा झाला, "हे सगळं पाडून टाका. वर पीओपी, बाजूला पॅनेल, आत एसी. मस्त मल्टिप्लेक्ससारखं करून देतो." कमान छिन्नीनं साफ करायची, पऱ्या, वेल, सगळं खाली.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. पण त्या रडत बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी चौकशी करून एक मुलगी शोधून काढली, गार्गी नावाची. नाशिकचीच, जुन्या वास्तूंच्या जतनाचं शिक्षण घेऊन आलेली, एका दगडी देवळाचं काम बघत होती. तिला घेऊन आल्या. मी परांची बांधून दिली होती. गार्गी वर चढली, बोटांनी नक्षी वाजवून बघितली, एका फोडाखालचा चुना चिमटीत घेतला. भुकटी झाली. तिनं खाली वाकून विचारलं, "हा रंग कुणी लावला?"

"मी!" इंदूताई खालून अभिमानानं म्हणाल्या. "छान झालाय ना?"

पोरगी खाली उतरली आणि हळू आवाजात म्हणाली, "काकू, चुना ओल पितो आणि वाळतो. शंभर पावसाळे तो असाच जगला. तुम्ही या पऱ्यांना प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारलीत. ओल आत शिरते, बाहेर पडत नाही. आतल्या आत कुजताहेत त्या."

मला तिचा असा राग आला! एवढ्या मोठ्या बाईला असं तोंडावर बोलतात का? पण इंदूताई खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या, मग पर्स उचलली आणि चहा न घेताच घरी गेल्या. मला वाटलं, संपलं. आता या पुन्हा मोहनविलासचं तोंड बघणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी ट्रस्टची सभा होती, पाडकामाला मंजुरी द्यायला. अण्णा म्हणत होते, जुनं बांधकाम आहे, आयुष्य संपलं, कुणाचा दोष नाही. इंदूताई उभ्या राहिल्या. सत्काराची ती शाल त्यांनी पिशवीतून काढली आणि टेबलावर ठेवली.

"दोष आहे. माझा आहे," त्या म्हणाल्या. "लेथला मारायचा रंग मी चुन्याला मारला. मशीन आणि चुना यातला फरक मला कळला नाही, विचारायची अक्कलही झाली नाही. तीन कोटेशनं घेतली, पण सगळी रंगाची. चुन्याचं कळणाऱ्या माणसाला एका शब्दानं विचारलं नाही. आता घाण मी केली, तर ती मीच काढणार. पऱ्यांनी काय पाप केलंय म्हणून त्यांना छिन्नी?"

 टापटीप, दरारा असलेली ही बाई, सगळ्यांच्या चुका काढण्यात जिचं आयुष्य गेलं, ती सगळ्यांसमोर अशी उभी.  अण्णा चाचरत म्हणाले, "इंदूताई, हे वय आहे का परांचीवर चढायचं? आणि नाही जमलं तर?"

"तर पाडा. मी स्वतः नारळ फोडीन."

शेवटी ठरलं ते असं: दिवाळीच्या पाडव्यापर्यंत डावीकडची एक परी साफ करून दाखवायची. तिचा चुना धड निघाला, गार्गीनं खात्री दिली, तर बाकीची कमान वाचली. नाही तर पाडवा झाला की कंत्राटदार आत.

मग सुरू झालं ते काम नव्हतं, तो हट्ट होता. सत्तरीला टेकलेली बाई, गुडघे कुरकुरणारे, रोज सकाळी सलवार-कमीज घालून परांचीवर. आयुष्यभर नऊवारीतल्या पऱ्यांवर जीव टाकला आणि त्यांच्यासाठी साडी मात्र सोडली. नाकाला मास्क, हातात मोजे. गार्गीनं दिलेल्या औषधाचा लेप हातभर जागेवर लावायचा, वर कागद चिकटवायचा, वाट बघायची, मग लाकडी पट्टीनं मऊ झालेला रंग अलगद उचलायचा. अलगद हा शब्द बाईंच्या कोशात नव्हता. पहिल्याच आठवड्यात त्या कारखान्यातून तारेचा ब्रश घेऊन आल्या. गार्गीनं तो हातातून काढून घेतला आणि खिडकीतून सरळ गल्लीत फेकला.

"अगं ए! चांगला होता तो!"

"काकू, घाई करून एकदा वाट लावलीत ना? परत लावायचीय?"

 इंदूताईंशी असं बोलून कुणी धड घरी गेलेलं मला माहीत नव्हतं. पण बाई मोठ्यानं हसल्या. "दिनू, ही पोरगी माझ्या डिपार्टमेंटला असती तर मी लवकर रिटायर झाले असते," म्हणाल्या, आणि लाकडी पट्टी उचलली.

पुण्याहून मुलाचा रोज फोन. "आई, तू आत्ताच्या आत्ता खाली उतर." या वरूनच ओरडायच्या, "सोपं काम असतं तर तुला सांगितलं असतं. ठेव फोन." मी परांचीचा खांब धरून खाली. दुकानात गिऱ्हाईक उभं असायचं, बायको फोन करकरून वैतागायची. पण मी तिथून हललो आणि बाई पडल्या तर?  मी बघत राहिलेला दिसलो की वरून हुकूम, "हात कशाला दिलेत देवानं, टाळ्या वाजवायला? तो डबा दे." आणि खरं सांगू, टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पुढे होतो, त्यामुळे मुकाट्यानं द्यायचो.

दसरा झाला तरी परीचं निम्मं अंग लालभडकच होतं. पदराजवळ चुना इतका पोकळ की गार्गीला सुईनं आत पातळ चुन्याचं पाणी सोडावं लागलं, एखाद्या आजाऱ्याला द्यावं तसं. बाईंचा चेहरा उतरला होता, पण यायचं काही चुकवलं नाही. मंडळातली अंबड-सिन्नरची नोकरदार मंडळी आपणहून सुट्टीच्या दिवशी यायला लागली. कुणी लेप घोटायचा, कुणी कागद कापायचा. एरवी तालमीला वेळेवर न येणारे लोक हो! मी डोळे चोळून बघत होतो.

आणि एका सकाळी वरून आवाज आला, "दिनू! वर ये. लवकर."

मी धडपडत चढलो. बाई परीच्या हातातले लाडू साफ करत होत्या. पिवळा रंग निघाला होता आणि खाली प्रत्येक गोळ्याला बारीक चीर होती, मधून दोरी ओवलेली. लाडू कसले, घुंगरू होते ते! परी चाळ बांधायला निघाली होती, पहिल्या घंटेच्या आधी नटी निघते तशी. खाली गेरूचा फिका लाल, निळीची किनार, आणि चेहऱ्यावर असं हसू की आम्ही लावलेल्या जाड रंगाखाली ते कधी दिसलंच नव्हतं.

"मी हिच्या हातात लाडू दिले रे," इंदूताई म्हणाल्या. "नाचायला निघालेल्या बाईच्या हातात लाडू." आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. मोजे घातलेले हात, डोळे पुसता येईनात. मी माझ्या रुमालानं पुसले.

पाडव्याला अण्णा स्वतः परांची चढले. चढताना देवाचं नाव घेत होते. वर गेल्यावर त्यांनी परीला हात लावला, वाजवून बघितलं, भरीव ठण्ण आवाज. खाली येऊन म्हणाले, "पंख्यावरच भागवू. एसी राहू दे." एवढंच. पाडकाम रद्द झालं. पुढे कमान पूर्ण व्हायला बराच काळ गेला, पण आता घाई कुणालाच नव्हती, बाईंनासुद्धा.

सगळ्यात शेवटी उरले दोन पोपट. कमानीच्या पायथ्याशी, दोन्ही बाजूंना, हात पोचेल एवढ्या उंचीवर. उजवीकडचा साफ झाला, मातकट हिरवा, गोड. डावीकडच्याला गार्गी लेप लावायला गेली तर इंदूताईंनी तिचा हात धरला.

"हा राहू दे."

"अहो काकू, हा फुकट जाईल. आत पार कुजलाय."

"म्हणून तर. इथून पडला तर पायावर पडेल, डोक्यावर नाही. एक माझ्या नावानं तसाच राहू दे."

"पण कशाला?"

"माझ्यासारखी जीव लावणारी माणसं अजून येतील इथं. न लावणाऱ्यांची भीती नाही मला, ते रंगाला पैसेच काढत नाहीत."

गेल्या थंडीत इंदूताई गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता छातीत उतरला. दवाखान्यात मी भेटायला गेलो तर क्षीण आवाजात विचारलं, "वायरी बघतोस ना?" बघतो म्हणालो. बाहेर येऊन जिन्यात बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. नाशिकमध्ये मला हक्कानं शिव्या देणारं आता कुणी उरणार नव्हतं.

नवीन सेक्रेटरी म्हणून स्वप्नील आला. अंबडला त्याचं स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. कमानीचं काम संपल्यावर मंडळात आलेला, इंदूताईंना आईच्या जागी मानणारा, एकदम दिलदार गडी. परवा सकाळी मी मोहनविलासमध्ये फ्यूज बघत होतो, तर दारात रिक्षा थांबली आणि हा आत आला, हातात डबे.

"दिनूकाका, सरप्राइज! ताईंचं वर्षश्राद्ध येतंय ना, आपण त्यांच्या स्मरणार्थ सगळी कमान सोनेरी करू. एक नंबर रंग मिळालाय. मशीनला मारतात तो. पन्नास वर्षं बघायला नको!"

 रागावू कुणावर? पोराच्या डोळ्यांत पाणी होतं. मी डबे काढून खाली ठेवले. त्याचा हात धरला आणि त्याला कमानीच्या डाव्या पायथ्याशी नेलं.

"वाजव," म्हणालो.

त्यानं बोटाच्या पेरानं पोपटाच्या पोटावर टकटक केलं. पोकळ आवाज आला आणि चकचकीत हिरव्या रंगाची एक कपची सुटून त्याच्या बुटावर पडली. मागून पांढरी भुकटी भुरभुरायला लागली आणि थांबेचना. स्वप्नीलनं दोन्ही हात पुढे केले, जणू ती झेलून परत बसवता येणार होती. मग मी त्याला उजवीकडे नेलं. तिथला पोपट त्यानं न सांगता वाजवला. ठण्ण.

"हा असा का आणि तो तसा का?" त्यानं विचारलं.

"त्याला ताईंनी रंग दिला होता," मी म्हणालो. "मशीनचा. स्मरणार्थच म्हण."

तो वर बघत उभा राहिला. चाळ बांधायला निघालेल्या पऱ्यांकडे, वेलींकडे, मग खाली ठेवलेल्या डब्यांकडे. तळहातावरची भुकटी त्यानं हळूच रुमालात बांधली आणि खिशात ठेवली. रिक्षावाला दारात हॉर्न मारत होता.

"थांब रे, जाऊ नको," स्वप्नील बाहेर बघून ओरडला, "हे डबे परत न्यायचेत."